यादीतली माणसं

(तरुण लेखकांच्या कार्यशाळेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



'ऑनलाइन न्यूजलेटरचे वाचक कसे वाढवावेत' असा विषय मला दिला आहे. वाढवणं मला फारसं जमलेलं नाही. तीन वर्षं मी सबस्टॅकवर मराठीत दर पंधरवड्याला लिहितो आणि यादीत आज ४१२ नावं आहेत. पण आलेला वाचक टिकतो कसा आणि आपल्या चुकीने जातो कसा, हे थोडंफार कळलंय. तेवढंच सांगतो.

आधी व्यवहार समजून घ्या. सबस्टॅक २०१७ मध्ये सुरू झालं. मोफत अंक पाठवायला पैसे लागत नाहीत. वर्गणी लावली तर त्यातले १० टक्के ते ठेवतात. ही वर्गणी स्ट्राइपमार्फत येते आणि २०२४ पासून स्ट्राइप भारतात निमंत्रणाशिवाय नवं खातं देत नाही. म्हणून कमाईचा विचार तूर्त बाजूला ठेवा. खरा फायदा हा की वाचकांच्या ईमेलची यादी तुमच्या हातात असते. ती उतरवून घेऊन उद्या दुसरीकडे जाता येतं. इन्स्टाग्रामवरचे फॉलोअर असे उचलून नेता येत नाहीत.

'किती जणांनी अंक उघडला' या आकड्याच्या नादी लागू नका. २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये मेलमधली चित्रं आधीच उतरवून ठेवण्याची सोय आहे. त्यामुळे न वाचलेला अंकही उघडल्यासारखा मोजला जातो. त्यापेक्षा उत्तरं मोजा. वाचकाने मेलवर 'रिप्लाय' दाबला की ते उत्तर फक्त लेखकाकडे येतं. आपल्या मुलींसाठी ही छोटी खिडकी फार मोलाची आहे. जाहीर प्रतिक्रिया मामू वाचतात, चाचा वाचतात, मोहल्ला वाचतो. खिडकीतून मात्र बोलता येतं.

मला हे फुफीवरच्या लेखामुळे कळलं. शरियतने मुलीला मुलाच्या निम्मा वाटा दिला आहे. तेवढाही आपल्या कितीतरी घरांत हक्कसोडपत्रावर सही घेऊन काढून घेतला जातो. माझ्या अब्बांनी फुफीची सही घेतली होती. ते मी लिहिलं आणि शेवटी एकच प्रश्न विचारला : तुमच्या घरात सही कुणी केली?

जाहीर प्रतिक्रिया दोन आल्या. एकाने लिहिलं, 'मजहबची बदनामी करतोस.' दुसऱ्याने लिहिलं, 'बघा, हे असेच.' दोघांनाही फुफीशी काही देणंघेणं नव्हतं. खिडकीतून मात्र ३१ उत्तरं आली, बहुतेक बायकांची. एकीने लिहिलं होतं : 'उद्या रजिस्ट्रार ऑफिसात जायचंय. भाऊ विचारतो, माहेर हवं की जमीन?'

मी तिला चार ओळींचं उत्तर दिलं : सही करायची सक्ती नाही, आधी वकिलाला भेटा. इथपर्यंत बरोबर होतं. पुढच्या अंकात मी तिचं पत्र छापलं. नाव बदललं, पण तालुका आणि भावाचा धंदा तसाच राहिला. तिला विचारलंही नव्हतं. पाच दिवसांनी तिचा मेल आला : 'भावाने ओळखलं. आता माहेर गेलं.' दुसऱ्या दिवशी तिचं नाव यादीतून गेलं. मी दोनदा माफी मागितली, उत्तर आलं नाही. तिने सही केली की नाही, मला आजही माहीत नाही.

त्याच अंकाने मला सगळ्यात जास्त नवे वाचक दिले. आकड्यांवर विश्वास ठेवू नका असं मी म्हणतो, ते यासाठी.

अमानतीत खयानत म्हणजे काय, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. वाचकाचं पत्र अमानत असतं. तेव्हापासून मी काही गोष्टी पाळतो. पत्र छापण्यापूर्वी मजकूर त्या व्यक्तीला दाखवतो. होकार आला नाही तर छापत नाही. गाव, धंदा, नातं, तारीख यांतलं ओळख पटवणारं सगळं काढतो. प्रत्येक उत्तराला उत्तर देतो, उशिरा का होईना. अंकाच्या शेवटी एकच प्रश्न विचारतो, आणि तो असा की वाचकाला स्वतःच्या घरातलं आठवावं. नाजूक विषयावर जाहीर प्रतिक्रिया बंद ठेवतो. आणि वर्षातून दोनदा जमेल तितक्या वाचकांना चहाला भेटतो. गेल्या वेळी नऊजण आले. त्यांतली एक वकील होती. आता हक्कसोडीचे प्रश्न वाचकाच्या परवानगीने तिच्याकडे जातात.

नऊ म्हणजे फार कमी, असं तुम्हाला वाटेल. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंबरोबर मुंबईच्या विधिमंडळावर तलाकविरोधी मोर्चा घेऊन गेलेल्या बायका सात होत्या. मुस्लिम सत्यशोधक मंडळ त्यानंतर चार वर्षांनी, १९७० मध्ये उभं राहिलं. त्या सातजणींना घरी परतून आपापल्या माणसांना तोंड द्यायचं होतं. लेखकाने हे विसरू नये. आपण 'पाठवा' दाबून मोकळे होतो. वाचणारीला त्याच घरात राहायचं असतं.

तुमच्या यादीत आज वीस नावं असतील तर घरी जाऊन ती एकदा वाचा. कोण कुठे राहतं, कुणाला काय झेपेल, याचा विचार करा आणि मग पुढचा अंक लिहा.