परदेशाहून परतल्यावर



मलकापुरांतून आखातांत किंवा विलायतेस गेलेला तरुण कांहीं वर्षांनीं घरीं येतो आणि पेटी उघडण्यापूर्वींच त्यास विचारतात, "आतां पुढें काय?" ही घाई त्याच्यापेक्षां मायबापांनाच अधिक असते, असें आम्हांस दिसतें.

विठ्ठल रामजी शिंदे १९०१ सालीं धर्माच्या अभ्यासार्थ ऑक्सफर्डला गेले व १९०३ मध्यें परतले. येतांच त्यांनीं प्रार्थनासमाजाच्या प्रचारकाचें काम पत्करलें. परंतु ज्या कार्यानें त्यांची आज ओळख आहे, तें अजून दूर होतें. प्रचारासाठीं ते गांवोगांव हिंडले, अस्पृश्य बांधवांची दैना त्यांनीं जवळून पाहिली, आणि १९०६ च्या ऑक्टोबरांत मुंबईस डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापिलें. मध्यें तीन वर्षें गेलीं.

पंडिता रमाबाईंस इतका काळ लागला नाहीं. जवळजवळ सहा वर्षें बाहेर राहून त्या १८८९ च्या फेब्रुवारींत आल्या. मार्चांत शारदासदन उघडलेंही! पण विधवांचें दुःख त्या येथूनच उरीं घेऊन गेल्या होत्या, आणि त्यासाठीं लागणारें साहाय्य अमेरिकेंतच उभें करून आल्या होत्या.

म्हणून ज्याचा बेत पक्का असेल, त्यास अडवूं नका. ज्याचा नसेल, त्याच्या लग्नाची व दुकानाची बोलणीं वर्षभर तरी लांबणीवर टाका. जमविलेला पैसा पहिल्याच महिन्यांत गाळ्यांत अडकला, म्हणजे हिंडून पाहण्याची सोय उरत नाहीं. त्यानें रिकामें मात्र बसूं नये. शिंदेही त्या तीन वर्षांत नेमलेलें काम करीतच होते.