तडजोड दोघांची, पैसे तिसऱ्याचे

राळेगाव-पांढरकवडा भागात पराटी लावणाऱ्या माणसाचा भारतीय स्पर्धा आयोगाशी कधी संबंध येत नाही. पण बीटीच्या पाकिटावर जी किंमत छापलेली असते, तिच्यामागे दिल्लीतल्या अशा कचेऱ्यांतली बरीच वर्षांची भांडणं आहेत. आज त्यातल्या एकाच प्रश्नाबद्दल बोलू. दोन मोठे पक्ष आपसात समेट करतात, तेव्हा ज्याच्या खिशातून पैसे गेले, त्या तिसऱ्याला कोण विचारतं?

बीटी कापसाला आपल्याकडे २००२ साली परवानगी मिळाली. सुरुवातीच्या काळात ४५० ग्रॅमचं पाकीट सोळाशे रुपयांच्या वर जायचं. त्यात मोठा वाटा तंत्रज्ञानाच्या शुल्काचा, ज्याला बियाण्याच्या धंद्यात ‘ट्रेट व्हॅल्यू’ म्हणतात. हे शुल्क घ्यायची महिको मोन्सँटो बायोटेक, म्हणजे आपल्या जालन्याची महिको आणि अमेरिकेची मोन्सँटो यांची भागीदारीतली कंपनी. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकारनं या शुल्काविरुद्ध त्या वेळच्या मक्तेदारी आयोगाकडे दाद मागितली. शुल्क वाजवी करा, असा अंतरिम आदेश निघाला आणि पाकीट साडेसातशेच्या घरात आलं.

पुढे मक्तेदारी आयोग जाऊन स्पर्धा आयोग आला. भांडण मात्र संपलं नव्हतं. हे शुल्क भरून बीटी बियाणं विकणाऱ्या नुझिवीडू सीड्सनं आणि तिच्या गटातल्या कंपन्यांनी तक्रार केली, केंद्राच्या कृषी मंत्रालयानंही प्रकरण आयोगाकडे पाठवलं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये आयोगानं चौकशीचा आदेश दिला. मोन्सँटो दिल्ली उच्च न्यायालयात गेली. मार्च २०२१ मध्ये मोन्सँटो, म्हणजे तोवर तिची मालक झालेली बायर, आणि नुझिवीडू यांनी आपसातले सगळे वाद मिटवल्याचं जाहीर केलं. जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयानं आयोगाची कारवाईच रद्द ठरवली. पेटंटधारकानं आपला हक्क कसा वापरला, हे पाहणं पेटंट कायद्याचं काम, असं कोर्टाचं म्हणणं. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही आयोगाचं अपील फेटाळलं आणि मूळ तक्रारदारानं समेट केला आहे, याची दखल घेतली.

पेटंटचा मुद्दा वकील मंडळींवर सोडू. मला खटकतं ते दुसरंच. नुझिवीडूनं भरलेलं शुल्क शेवटी पाकिटाच्या किमतीत मिसळत होतं, आणि ते पाकीट वणी-घाटंजीच्या कृषी केंद्रातून शेतकरी उचलत होता. समेटाच्या टेबलावर त्याची खुर्चीच नव्हती. दिलासा त्याला मिळाला, नाही असं नाही. केंद्रानं २०१६ मध्ये किंमत नियंत्रणाखाली शुल्क सुमारे १६३ रुपयांवरून ४९ वर आणलं आणि २०२० मध्ये शून्य केलं. पण तो सरकारी आदेशाचा दिलासा होता. आपली बाजू कुणी ऐकून घेतल्याचा नव्हे. मधल्या २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं याच भागातली बोंडं पोखरली. बोंडअळी रोखण्याच्या ज्या गुणासाठी शुल्क मोजलं, तो गुणच तिच्यापुढे टिकला नाही. हे त्या टेबलावर कोण सांगणार होतं?

तडजोडीआधी तिसऱ्याला विचारायला हवं, ही गोष्ट आपल्या जुन्या दिवाणी कायद्याला चांगली ठाऊक आहे. अनेकांच्या वतीनं एकानं दावा लावला असेल, तर कोर्टाच्या परवानगीशिवाय त्याला तडजोड करता येत नाही आणि परवानगी देण्याआधी कोर्टानं हितसंबंधितांना नोटीस द्यायची, अशी तरतूद १९७६ च्या दुरुस्तीनं आली. अमेरिकेनं तर १९७४ मध्ये मक्तेदारीच्या सरकारी खटल्यांसाठी कायदाच केला: तडजोडीचा मसुदा आधी छापायचा, लोकांचं म्हणणं मागवायचं, आणि ती लोकहिताची आहे का हे न्यायाधीशानं तपासायचं.

आपल्या स्पर्धा कायद्यात समेटाची वाट २०२३ च्या दुरुस्तीनं उघडली. नियम मार्च २०२४ मध्ये आले. दोन प्रकार आहेत. चौकशी अहवाल येण्याआधी कंपनी ‘यापुढे असं वागू’ अशी हमी देऊ शकते. अहवाल आल्यावर पैसे भरून समेट करू शकते. संगनमतानं भाव ठरवणाऱ्यांना, म्हणजे कार्टेलला, ही वाट बंद आहे, आणि ते बरंच झालं. निर्णयाआधी आयोगानं तक्रारदाराचं आणि इतरांचं म्हणणं मागवायचं असतं. पहिला समेट एप्रिल २०२५ मध्ये झाला, तो गूगलशी, अँड्रॉइड टीव्हीच्या प्रकरणात. रक्कम २० कोटी २४ लाख. आयोगानं तो बहुमतानं मान्य केला.

म्हणजे कागदावर तिसऱ्याला दार आहे. फक्त ते फार रुंद नाही. कंपनीची व्यापारी माहिती गोपनीय म्हणून झाकली जाते, ती काही प्रमाणात झाकावीच लागते. पण उरलेल्या सारांशावर हरकत घेणं म्हणजे अर्धा सातबारा दाखवून ‘बांध बरोबर आहे का’ विचारण्यासारखं आहे. सूचना वेबसाइटवर निघते, मुदत आठवड्यांत मोजायची असते. आणि सगळ्यात मोठी अडचण ही, की समेटाच्या आदेशावर अपील नाही. उरतो तो उच्च न्यायालयातला रिट अर्ज. अपीलच नसेल, तर आदेशातली कारणं जास्त तपशिलानं लिहायला हवीत असं माझं मत आहे: कोणती हरकत आली, ती का मानली, का नाकारली. रिटमध्ये कोर्ट निर्णयापेक्षा तो घेण्याची रीत जास्त तपासतं. रीत कागदावरच नसेल तर तपासणार काय?

आणखी एक गोष्ट ऐकून ठेवा. पैसे भरून समेट झाला, तरी नुकसान झालेल्यांना राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते, आणि अनेकांच्या वतीनं एकालाही मागता येते. नुसत्या हमीवर प्रकरण मिटलं, तर मात्र ही वाट नाही. म्हणून एखाद्या बियाणं किंवा खत कंपनीबद्दल आयोगाची सूचना निघाली, की शेतकरी गटानं किंवा उत्पादक कंपनीनं आधी पाहायचं ते हेच, की प्रकरण समेटाचं आहे की हमीचं. आणि हमीचं असेल, तर हरकत त्या मुदतीतच पाठवायची, सोबत गेल्या हंगामांच्या बियाण्याच्या पावत्या जोडून.