खाणीच्या तोंडाशी सातबारा
(घाटकोपर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपणांपैकी जे मुलुंड-भांडुपकडे राहतात, त्यांच्या घरी महावितरणची वीज येते. महावितरणला वीज पुरविणाऱ्या केंद्रांत चंद्रपूरचे 2920 मेगावॅटचे औष्णिक केंद्र हे एक मोठे केंद्र होय. तेथे कोळसा जळतो आणि पडघ्यापर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटर लांबीच्या वाहिनीने वीज आपल्या बाजूस येते. हा कोळसा ज्या गावांच्या भूमीतून निघतो, ती गावे अलीकडेच मी पाहून आलो. तेथे जे दिसले त्यापैकी आपल्या उपयोगाचे तेवढेच आज आपणांपुढे ठेवतो.

भद्रावती हे वरोरा आणि चंद्रपूर यांच्या दरम्यानचे तालुक्याचे लहानसे गाव. रेल्वेच्या स्थानकाचे नाव मात्र अद्याप भांदक असेच आहे. गावालगतच्या विजासन टेकडीत बुद्धलेणी आहेत. एक लांब दालन सरळ डोंगरात शिरते, त्याला दोन्ही बाजूंस फाटे फुटतात आणि प्रत्येकाच्या अंती भगवंताची आसनस्थ मूर्ती आहे. नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, 16 ऑक्टोबर 1956 रोजी, परमपूज्य बाबासाहेबांनी चांद्यास दीक्षा दिली, ती याच भूमीत. त्यामुळे आसपासच्या वस्त्यांत जुनी बौद्ध कुटुंबे पुष्कळ आढळतात.

भद्रावतीहून माजरीकडे निघाले म्हणजे देखावा पालटतो. कापसाच्या शेतांमागे मातीचे डोंगर दिसू लागतात. ते निसर्गाचे नव्हेत. उघड्या खाणीतील कोळशावरची माती काढून रचलेले ते ढिगारे आहेत. रस्त्यावर कोळशाचे ट्रक, झाडांच्या पानांवर काळी धूळ आणि सुरुंगांच्या हादऱ्यांनी तडकलेल्या भिंती. खाणीच्या वसाहतीत मराठीबरोबर तेलुगू व छत्तीसगढी कानी पडते, कारण मजूर दूरदूरहून आलेले आहेत. तीच स्थिती घुग्घुस आणि वणीकडे.

एका वस्तीत एका विधवा भगिनीने आपल्या कागदांची पिशवी माझ्यापुढे रिती केली. शेत सासऱ्याच्या नावे होते. सासरा वारला, नंतर पतीही वारला, परंतु वारसनोंद कोणी केलीच नाही. खाणीसाठी जमीन गेली तेव्हा सातबारावर मृताचेच नाव होते. ज्या दिराने धावपळ केली त्याच्या घरी नोकरी गेली. ही भगिनी त्याच खाणीजवळ रोजंदारीने राबत आहे. तिचा हक्क कायद्याने नाकारलेला नव्हता. तो कागदावर कोणी मांडलाच नाही, एवढेच.

हे का घडते ते समजून घ्या. कोळशाची जमीन 1957 च्या विशेष कायद्याने संपादन होते. संपादनाच्या इराद्याची अधिसूचना भारताच्या राजपत्रात निघते आणि हरकत घेण्यास तीस दिवस मिळतात. आपल्या वस्तीत राजपत्र कोण वाचतो? मुदत सरते आणि पुढे जमीन सरकारात जमा होते. कोल इंडियाच्या 2012 च्या धोरणात दोन एकरांस एक नोकरी असे प्रमाण ठरविण्यात आले. म्हणजे नोकरीचा प्रश्न सातबारापाशी येऊन थांबतो. ज्याचे क्षेत्र कमी, त्याने इतरांशी जुळवून घ्यावयाचे. ज्याचे नावच नाही, त्याने काय करावयाचे?

भूमिहीनासही काही आधार आहे. 2013 च्या भूसंपादन कायद्याने बाधित कुटुंबाची व्याख्या विस्तृत केली. संपादनापूर्वी तीन वर्षे त्या जमिनीवर ज्यांची मुख्य उपजीविका होती, ते शेतमजूर व कूळ तीत येतात. विधवा, घटस्फोटिता व परित्यक्ता यांचे कुटुंब स्वतंत्र मानले जाते. 28 ऑगस्ट 2015 च्या केंद्रीय आदेशाने मोबदला व पुनर्वसन यांविषयीच्या तरतुदी कोळशाच्या संपादनासही लागू झाल्या. परंतु तीन वर्षे राबल्याचा पुरावा मजुराजवळ असावा लागतो.

आणखी एक इतिहास लक्षात ठेवा. 1 मे 1973 रोजी खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्या केंद्राच्या उपक्रमाकडे गेल्या. केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला तो 1990 साली. मधली सतरा वर्षे खाणीच्या दाराशी उभ्या असलेल्या बौद्ध तरुणास, बौद्ध म्हणून, राखीव जागा मागता येत नव्हती. आज ती मागता येते, मात्र जातीच्या पडताळणीस 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा विचारला जातो. आजोबांचा शाळेचा दाखला ही म्हणूनच आपल्या घरची दौलत आहे. तो जीर्ण झाला म्हणून टाकून देऊ नका.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना डिसेंबर 1943 मध्ये धनबादकडील कोळसा खाणीत स्वतः उतरले होते. पुढच्याच महिन्यात, जानेवारी 1944 मध्ये, खाणकामगारांच्या कल्याणनिधीचा वटहुकूम निघाला. त्यांची रीत हीच होती. प्रथम आपल्या डोळ्यांनी पाहावयाचे आणि मग त्याला कायद्याचे रूप द्यावयाचे. आपण कायदा करू शकत नाही, पण केलेला कायदा वापरू तरी शकतो.

खाण कायमची नसते, हेही ध्यानी घ्या. वरोऱ्याची सरकारी खाण 1906 साली बंद पडली. भद्रावती तालुक्यातील बरांजचे कोळसापट्टे, सर्वोच्च न्यायालयाने 24 सप्टेंबर 2014 रोजी देशातील 214 पट्ट्यांचे वाटप रद्द केले, त्यांत होते. काम अकस्मात थांबते तेव्हा जमीन गेलेली असते आणि मजुरीही जाते.

आपण उपनगरात राहतो, आपला खाणीशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. आपणांपैकी किती जणांचे गावचे शेत अजून आजोबांच्याच नावे आहे, याचा विचार करा. तेथे खाण निघेल, धरण होईल किंवा रस्ता जाईल. त्या दिवशी धावपळ करून उपयोग होत नाही. म्हणून माझी तीन कामांची विनंती आहे. पहिले, या सुट्टीत गावी जाल तेव्हा तलाठी कार्यालयातून सातबारा व आठ-अ काढा आणि मृताच्या जागी वारसांची नोंद करून घ्या. दुसरे, त्या नोंदीत मुलींची नावे वगळू नका. धम्म स्वीकारल्याने वारसाहक्क जात नाही. 1956 चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीस मुलाइतकाच हक्क मिळाला आहे. तिसरे, जन्म, शाळा, जात आणि जमीन यांचे कागद एका ठिकाणी ठेवा व घरातील एका तरी मुलीस ते वाचावयास शिकवा.

त्या भगिनीचा अर्ज आता दाखल झाला आहे. निकाल काय लागेल ते सांगता येत नाही. परंतु वीस रुपयांच्या कागदावर आणि एका फेरीत जे वेळीच झाले असते, त्यासाठी तिला आता वर्षानुवर्षे फेऱ्या माराव्या लागतील. आपल्या घरी तशी पाळी येऊ देऊ नका.

जय भीम.