लायपोसोम त्वचेत कुठवर जातो?

सीरमच्या बाटलीवर हल्ली 'लायपोसोमल व्हिटॅमिन सी' असं छापलेलं असतं आणि जाहिरात सांगते, की हे सूक्ष्म गोळे पोटातलं द्रव्य घेऊन थेट त्वचेच्या आतल्या थरात उतरतात. माझं म्हणणं असं, की लायपोसोमचा त्वचेला उपयोग आहे, पण तो या कारणाने नाही. कारणच चुकीचं सांगितलं, की गिऱ्हाईक भलत्याच गोष्टीचे पैसे मोजतं.

अंड्याच्या बलकात किंवा सोयाबीनमध्ये सापडणारं लेसिथिन पाण्यात घोळलं, की त्याचे रेणू आपणहून दुपदरी पडद्याचे पोकळ गोळे बनवतात. केंब्रिजजवळच्या बॅब्रॅहम इथे अ‍ॅलेक बँगहॅम यांनी 1960च्या दशकात हे दाखवलं. पोकळीत पाण्यात विरघळणारं द्रव्य राहतं, पडद्यात तेलात विरघळणारं. 1980 मध्ये कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठात मायकेल मेझेई आणि त्यांच्या सहकाऱ्याने ट्रायम्सिनोलोन हे स्टेरॉइड अशा गोळ्यांत भरून सशांच्या त्वचेवर लावलं. नेहमीच्या मलमापेक्षा त्वचेत ते चार ते पाच पट अधिक सापडलं आणि शरीरात इतरत्र कमी. 1986 मध्ये डिऑरचं 'कॅप्चर' बाजारात आलं आणि 'आत पोचवणारा गोळा' ही कल्पना रूढ झाली.

मेझेईंचा प्रयोग खरा, पण त्यातून हा निष्कर्ष निघत नाही. त्वचेचा सर्वांत वरचा थर जेमतेम 10 ते 20 मायक्रोमीटर जाडीचा. मृत पेशी एकमेकींना चिकटून आणि मधल्या फटींत सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्लं घट्ट बसलेली. सुमारे 500 डाल्टनपेक्षा जड रेणूही यातून सहसा जात नाही. हजारो रेणूंचा गोळा अख्खा कसा जाणार? 2016 मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी मानवी त्वचेवर चमकणारे लायपोसोम लावून अतिसूक्ष्मदर्शकाने पाहिलं, तेव्हा अखंड गोळे त्वचेचा अडसर ओलांडताना दिसले नाहीत. ते पृष्ठभागावरच फुटत असल्याची चिन्हं मिळाली. फुटल्यावर त्यातलं लेसिथिन वरच्या थरातल्या मेदात मिसळतं, ती घडण थोडी सैल करतं, आणि मोकळं झालेलं द्रव्य पुढे आपल्याच गुणाने जातं. व्हिटॅमिन सी 176 डाल्टनचं, रेटिनॉल 286चं. त्यांना वाव आहे. कोलॅजेन सुमारे 3 लाख डाल्टनचं. ते कोणत्याही गोळ्यात भरलं तरी बाहेरच राहणार.

यावर लवचीक गोळ्यांचा दाखला दिला जातो. जर्मनीत ग्रेगर सेव्ह यांनी असे 'ट्रान्सफरसोम' केले. ते अरुंद फटींतून सरकतात असा त्यांचा दावा. पण गुडघेदुखीवरच्या एका मोठ्या चाचणीत अशा गोळ्यांचं केटोप्रोफेन हे वेदनाशामक भरलेलं आणि न भरलेलं, दोन्ही जेल जवळपास सारखीच ठरली. मग औषध आत पोचल्यामुळेच आराम पडला, असं म्हणायला आधार उरत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. 2021 मध्ये म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराच्या रुग्णांसाठी नातेवाईक लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन हे औषध शोधत गावोगाव फिरले. मग लायपोसोम कुचकामी कसा? तो मुळीच कुचकामी नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी याच औषधाच्या भारतीय लायपोसोमवर केलेलं काम अभिमानाचं आहे. मात्र ते इंजेक्शन थेट शिरेत जातं, त्वचेचा अडसर तिथे नसतोच. आणि त्याचा मोठा फायदा म्हणजे मूत्रपिंडाला होणारी इजा कमी होते. त्वचेवरही खरा लाभ याच जातीचा आहे. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन चाचणीत मुरुमांवर 0.01 टक्का लायपोसोमल ट्रेटिनॉइन हे 0.025 व 0.05 टक्क्यांच्या साध्या जेलइतकंच उपयोगी पडलं, आणि आग, लाली कमी झाली. ट्रेटिनॉइन लावून चेहरा सोलवटला म्हणून उपचार अर्धवट सोडणाऱ्यांना हा फरक फार मोठा आहे. तो 'खोल जातो'च्या गजरात दबला, याचं मला वाईट वाटतं.

एक बाब निर्मात्यांनीही लक्षात घ्यावी. क्रीममधली साबणासारखी द्रव्यं लेसिथिनचा पडदा विरघळवतात. म्हणजे लायपोसोम डबीतच मोडलेला असू शकतो. तेव्हा महाग बाटली घेण्याआधी एवढंच विचारा: याच द्रव्याचं, याच प्रमाणातलं साधं जेल आणि हे लायपोसोमचं सीरम माणसांच्या त्वचेवर तोलून पाहिलं आहे का? तशी चाचणी कंपनीने दाखवली नाही, तर लायपोसोमच्या नावाचे जादा पैसे देऊ नका.