टपाल एक, दर एक

पत्र नवाबाचे असो की नोकराचे, तिकिटाचा दर एकच. इंटरनेट कंपनीनेही तसेच वागावे. कोणाचे पान उघडले हे पाहून दर किंवा वेग बदलू नये. यालाच नेट न्यूट्रॅलिटी म्हणतात.

फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर सहा राज्यांत 'इंटरनेट डॉट ऑर्ग' आणले. पुढे त्याचेच नाव 'फ्री बेसिक्स' झाले. त्यात महाराष्ट्र होता, आपला तेलंगणही होता. यादीतली संकेतस्थळे फुकट, बाकीच्यांना पैसे. फुकट मिळते तर बिघडले काय, असे आपल्यालाही वाटले. पण यादीच्या अटी फेसबुकच्या. खिशात पैसे नसलेला माणूस यादीबाहेर जाणारच नाही. मग आपल्या मंडळाचे पान, घरून चकल्या विकणाऱ्या काकूंचे पान त्याला दिसणार कसे?

दोन्ही बाजूंनी लाखो ई-मेल ट्रायकडे गेले. अखेर ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकूर पाहून डेटाचा वेगळा दर लावायला बंदी केली.

यापुढे कोणी 'एवढे फुकट घ्या' म्हटले, तर आपण एवढेच विचारू या : यादी कोणी केली?

गणपती बाप्पा मोरया!