‘वय झालं’ हे निदान नव्हे
(युवा शिबिरातील भाषणाचा मजकूर)



आज मी आपल्याच इमारतीतल्या म्हाताऱ्या माणसांबद्दल बोलणार आहे. मुंबईत चाळी पडल्या, टॉवर उभे राहिले. चाळीच्या गॅलरीतून जाता-येता कोण जेवलं, कोण दिसलं नाही, हे आपोआप कळायचं. टॉवरमध्ये ते मुद्दाम बघावं लागतं.

बघायचा तो बदल. रोज नमाजला खाली उतरणारे चाचा दिसेनासे होतात. एक खाला त्याच महिन्याचा मेंटेनन्स दोनदा भरायला येतात. कुणाचं दूध दुपारपर्यंत दाराशीच असतं. कुणी रोज तक्रार करतं, ‘वरचे माझं पाणी तोडतात.’ सोसायटीच्या मीटिंगमध्ये आपण याला कटकट म्हणतो, नाहीतर ‘वय झालं’ म्हणून सोडून देतो. इथेच उपचाराचा वेळ वाया जातो.

तीन गोष्टी ओळखा. पहिली, नैराश्य. वडीलधारी माणसं ‘मी उदास आहे’ असं क्वचितच म्हणतात. पाय दुखतात, भूक नाही, झोप नाही, असं सांगतात. दोन आठवड्यांहून जास्त असं चाललं तर डॉक्टरांना दाखवा. या वयातही नैराश्य बरं होतं. दुसरी, महिनोन्‌महिने वाढत जाणारा विसराळूपणा. तो डिमेन्शिया असू शकतो. पण बी-१२ कमी झालं किंवा थायरॉईड बिघडलं तरी विसर पडतो, म्हणून तपासणी हवी. तिसरी, एक-दोन दिवसांत अचानक आलेला भ्रम. यामागे लघवीचा संसर्ग, सोडियम कमी होणं किंवा नवीन औषध असू शकतं. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

घरात कुणी म्हणेल, नजर लागली, जिन्नचा असर आहे. दुआ करणाऱ्या दादीशी वाद घालू नका. दुआ होऊ द्या आणि डॉक्टरांकडेही न्या. मात्र कुणालाही खोलीत कोंडू देऊ नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी दवाखान्यात मानसिक उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे.

शेजारी म्हणून आपण काय करायचं? दार वाजवा, बसा, ऐका. ‘जगणं नकोसं वाटतं का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर एकटं सोडू नका, औषधं आणि विषारी वस्तू हाताशी ठेवू नका, घरच्यांना कळवा. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत आणि हिंदीतही बोलता येतं. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाईन आहे. आणि यातलं काहीही सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका.

या आठवड्यात एक काम करा. आपल्या विंगमध्ये एकटे राहणारे ज्येष्ठ किती, ते मोजा. त्यांना विचारून जवळच्या नातेवाइकाचा आणि डॉक्टरांचा नंबर लिहून घ्या. प्रत्येक दारासाठी आपल्यातला एकजण ठरवा. तो रोज दोन मिनिटं थांबून सलाम करेल आणि जवाब कसा येतो, ते लक्षात ठेवेल.