उसन्या शब्दांचे ऋण

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात टेंभुर्णी येथे दिलेले भाषण)



आपल्या स्मरणिकेसाठी दरवर्षी लेख, कविता, छायाचित्रे व कुलवृत्तांत येतात. अलीकडे त्यांतील बराच मजकूर भ्रमणध्वनीवरून आलेला असतो आणि मूळ लेखक कोण, हे पाठविणारासही ठाऊक नसते. दुसऱ्याचे लेखन घ्यावे, पण त्याचे नाव सांगून घ्यावे, एवढाच विषय मी आज आपणापुढे मांडणार आहे.

याचा उत्तम धडा आपल्या माढा तालुक्यातच आहे. अरणचे संत सावता माळी मळ्यात राबता राबता अभंग रचीत आणि काशिबा गुरव ते लिहून ठेवीत, असे परंपरा सांगते. लेखणी काशिबांच्या हाती होती. तीत आपले नाव मिसळण्यास त्यांना कोण अडविणार होते? पण शब्द सावतोबांचे, म्हणून नावही सावतोबांचेच राहिले. आज सातशे वर्षांनंतर त्या लेखनिकाचेही नाव आपण आदराने घेतो. दुसऱ्याचे श्रेय राखणाऱ्याचे स्वतःचे श्रेय बुडत नाही.

याउलट उदाहरण सालोमालोचे. तुकोबांच्या गाथेत त्याचा उल्लेख आहे, आणि १९३६ साली प्रभातच्या ‘संत तुकाराम’ चित्रपटाने तुकोबांचे अभंग आपलेच म्हणून मिरविणारा हा मनुष्य घरोघर पोहोचविला. उचललेल्या अभंगांनी त्यास कवी केले नाही. नाव उरले ते उचलेगिरीचे.

नाव देणे हा न्याय तर आहेच, पण खरेपणाचेही ते साधन आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, संत एकनाथांनी ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ दूर केले. मूळाकडे परत जाण्याची वाट असेल, तरच अशी शुद्धी करता येते. एखाद्या गृहस्थाने गावोगाव हिंडून जमविलेली वंशावळ निनावी फिरू लागली, तर तीत चुकलेली पिढी कोणास विचारावी? आणि श्रम आपले, नाव मात्र पुसलेले, असे पाहून पुढची शाखा शोधण्यास कोण घराबाहेर पडेल? जात्यावरच्या ओव्या आपण ‘संग्रहित’ म्हणून छापतो. त्या सांगणाऱ्या माउलीचे नाव आणि गाव लिहिण्यास एक ओळही लागत नाही.

भलत्याचे नाव लावणे हाही तितकाच दोष होय. पु. ल. देशपांडे यांनी कधीही न लिहिलेला मजकूर त्यांच्या नावावर सर्रास फिरतो. त्यात पुलंवरही अन्याय होतो आणि खऱ्या लेखकावरही.

कायदाही याच बाजूचा आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या ५७ व्या कलमान्वये, हक्क विकून टाकले तरी ‘हे लेखन माझे’ असे म्हणण्याचा लेखकाचा अधिकार कायम राहतो. मात्र नाव छापले म्हणजे अनुमती मिळाली, असे नव्हे. लेखकाच्या पश्चात साठ वर्षे त्याच्या लेखनावर हक्क असतो; तोवर संपूर्ण लेख किंवा कविता छापावयाची, तर विचारूनच छापावी. विकिपीडियासारखा ज्ञानकोश सर्वांना खुला असला, तरी त्यातील मजकूर घेणाऱ्याने श्रेयनिर्देश करावा, ही तेथील अट आहे.

म्हणून माझी नम्र विनंती अशी : दुसऱ्याचे काही पाठविताना लेखकाचे नाव, ते कोठे व केव्हा प्रसिद्ध झाले आणि आपण त्यात काय बदल केला, हे खाली लिहावे. शोध करूनही नाव मिळाले नाही, तर ‘लेखक अज्ञात’ असे स्वच्छ लिहावे. आपले नाव तेथे घालू नये. मुलांनाही शाळेचे निबंध व प्रकल्प लिहिताना हीच सवय लावावी. उसने आणलेले पायलीभर धान्य आपल्या आया-आजींनी कधी विसरले नाही. उसन्या शब्दांच्या बाबतीतही आपण तोच बाणा राखू या.